बाक डुगडुगतो, मन चंचल असतं

मुलांनो,

या आठवड्याच्या टपालात सहावीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ती लिहिते, "बाई, वर्गातला माझा बाक डुगडुगतो. लिहिताना अक्षर वेडंवाकडं येतं आणि ओरडा मात्र मला बसतो. मुख्याध्यापकांना इंग्रजीत अर्ज करायचा आहे. ताई म्हणते, ‘द बेंच इज अनस्टेबल’ असं लिही. दादा म्हणतो, अनस्टेबल हा शब्द माणसांसाठी असतो, बाकासाठी नाही. आता कोणाचं खरं?"

पत्र वाचून मला आधी हसू आलं, आणि मग पोटात थोडं कालवलं. हसू का आलं ते लगेच कळेल. बहीणभावाच्या या भांडणात दोघंही अर्धे बरोबर आहेत आणि अर्धे चूक! पोटात का कालवलं, ते मात्र शेवटी सांगेन. या एका शब्दापायी मी एकदा एका मुलाला रडवलं आहे.

नेहमीचीच सूचना पुन्हा देते. इंग्रजी वाक्यं मी आपल्या देवनागरीत देतेय. तुम्ही ती वहीत इंग्रजी अक्षरांत लिहून काढायची. स्पेलिंग अडलं तर शब्दकोश उघडायचा. शेजाऱ्याच्या वहीत डोकवायचं नाही!

शब्दाची फोड

अनस्टेबल हा शब्द मोठा वाटतो, पण त्याचं स्पेलिंग अगदी सोपं आहे. टेबलाचं स्पेलिंग येतं ना? त्याच्याआधी एस लिहा. झालं स्टेबल. त्याच्याआधी यू आणि एन लिहा. झालं अनस्टेबल. म्हणताना जोर मधल्या ‘स्टे’वर द्यायचा.

स्टेबल म्हणजे स्थिर. अनस्टेबल म्हणजे अस्थिर. हे दोन्ही शब्द एकदा मोठ्यानं म्हणा बरं. स्थिर, स्टेबल. कानाला काही जाणवलं? दोन्हींत ‘स’ला चिकटून ‘ट’ किंवा ‘थ’ आहे. हा योगायोग नाही. आपल्या स्थिर, स्थान, स्थिती या शब्दांच्या मुळाशी संस्कृतातला ‘स्था’ हा धातू आहे. त्याचा अर्थ उभं राहणं. इंग्रजीतले स्टँड, स्टेशन, स्टेबल हे शब्द ज्या मुळापासून आले, त्याचाही अर्थ उभं राहणं हाच. ही दोन्ही मुळं एकाच फार जुन्या भाषेतून आलेली आहेत. म्हणजे स्थिर आणि स्टेबल हे लांबचे भाऊबंदच झाले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांमध्ये असं नातं असावं, हे कलकत्त्याच्या न्यायालयात न्यायाधीश असलेल्या विल्यम जोन्स यांनी १७८६ साली एका भाषणात सांगितलं, आणि तेव्हापासून विद्वानांनी अशा भावंडांचा शोध जोरात सुरू केला.

आता पुढची गंमत बघा. नकार दाखवायला आपण शब्दाआधी ‘अ’ लावतो, अस्थिर. पुढं स्वर आला की ‘अन्’ लावतो, अनादर, अनिच्छा. इंग्रजीतला ‘अन’ त्याच घराण्यातला आहे. अनस्टेबल, अनहॅपी, अनटायडी. तेव्हा इंग्रजी परकी म्हणून तिला घाबरायचं काही कारण नाही. ती आपल्याच दूरच्या मावशीची मुलगी आहे.

आणखी एक. इंग्रजीत घोड्यांच्या तबेल्यालाही स्टेबलच म्हणतात. तिथंही अर्थ तोच, उभं राहायची जागा. आपल्याकडे घोडा बांधायच्या जागेला ‘ठाण’ म्हणतात, आणि ठाण हा शब्द स्थानावरूनच आलेला. पण लक्षात ठेवा हं, ज्याचा तबेला मोडला तो घोडा काही अनस्टेबल होत नाही!

डुगडुगणं वेगळं, कोसळणं वेगळं

आता येऊ या बाकाकडे. अनस्टेबलचा नेमका अर्थ असा आहे: जे आहे तसं टिकून राहील याचा भरवसा नाही, ते पडेल, कलंडेल, बदलेल किंवा बिघडेल. यातला ‘भरवसा नाही’ हा भाग महत्त्वाचा.

घरात तिपाई असेल तर पुढं ओढा. तिपाई कधीच डुगडुगत नाही. जमीन कितीही खडबडीत असो, तीन पाय तिन्ही ठिकाणी बरोब्बर टेकतात. चार पायांचं तसं नाही. एक पाय आखूड असला, किंवा जमिनीत खळगा असला, की चौथा पाय हवेत राहतो आणि बाक ‘टकटक टकटक’ करत डुगडुगतो. पण गंमत अशी, की न डुगडुगणाऱ्या तिपाईवर दोन पायांच्या मधल्या बाजूला झुकून भार दिला, तर ती चटकन कलंडते. डुगडुगणारा बाक मात्र वर्षभर डुगडुगतो आणि पडत काही नाही.

म्हणून इंग्रजीत डुगडुगणाऱ्याला ‘वॉबली’ म्हणतात आणि कलंडण्याची भीती असेल तर ‘अनस्टेबल’. पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीनं अर्जात असं लिहावं: ‘माय बेंच इज वॉबली. वन ऑफ इट्स लेग्ज इज शॉर्ट. प्लीज गेट इट रिपेअर्ड.’ बाकाचा पाय निखळायला आला असेल आणि बसल्यावर तो कोसळायची भीती असेल, तर मात्र ताईचं वाक्य बरोबर: ‘द बेंच इज अनस्टेबल.’ म्हणजे बाकासाठी हा शब्द चालत नाही हे दादाचं म्हणणं चुकलंच. त्याचं काय बरोबर आहे, ते पुढं येईल.

कागदाचा एक शंकू करा, त्याच्या तोंडावर पुठ्ठ्याची गोल चकती चिकटवा आणि हा प्रयोग करा. शंकू बुडावर ठेवा. बोटानं किंचित कलता करून सोडा. तो परत जागेवर येतो. हा स्टेबल. आता टोकावर उभा करायचा प्रयत्न करा. हात सोडला रे सोडला, की आडवा! हा अनस्टेबल. आता आडवाच ठेवून ढकला. तो घरंगळतो आणि जिथं जाईल तिथं तसाच राहतो. याला म्हणतात न्यूट्रल, म्हणजे उदासीन. मोठ्या वर्गात विज्ञानाच्या पुस्तकात हे तीन प्रकार भेटले, की म्हणा, "हे तर आम्ही इंग्रजीच्या पानावर शिकलो!"

इटलीतल्या पिसाच्या झुकत्या मनोऱ्याचं चित्र तुम्ही पाहिलं असेल. सन ११७३ मध्ये त्याचं बांधकाम सुरू झालं. खालची माती एका बाजूला जास्त मऊ, त्यामुळे काही मजले चढतात न चढतात तोच तो कलायला लागला. शतकानुशतकं तो हळूहळू अधिकच कलत गेला. अखेर १९९० साली तो लोकांसाठी बंद करावा लागला, कारण तो अनस्टेबल झाला होता. मग अभियंत्यांनी एक युक्ती केली. ज्या बाजूला तो झुकला होता, त्याच्या विरुद्ध बाजूची माती पायाखालून थोडी थोडी काढली. मनोरा ४० सेंटीमीटरहून थोडा जास्त मागे आला, आणि २००१ च्या डिसेंबरात पुन्हा लोकांसाठी उघडला. तो आजही कललेलाच आहे. पण आता इंग्रजीत म्हणता येतं, ‘द टॉवर इज स्टिल लीनिंग, बट इट इज स्टेबल.’ कललेलं सगळंच अनस्टेबल नसतं, हे या मनोऱ्याकडून शिकावं.

हात न लागणाऱ्या वस्तू

अनस्टेबल म्हणजे फक्त पडणारी वस्तू नव्हे. ज्याची स्थिती केव्हाही पालटेल, अशा कितीतरी गोष्टींना तो लागतो.

एप्रिल-मेमधल्या दुपारी आठवा. जमीन तापलेली, खालची हवा गरम आणि दमट, वरची हवा थंड. खालची हवा भराभर वर चढते, संध्याकाळी काळे ढग जमतात आणि वळवाचा पाऊस गडगडाट करत येतो. अशा हवेला हवामानतज्ज्ञ ‘अनस्टेबल एअर’ म्हणतात.

नायट्रोग्लिसरीन नावाचं एक द्रव आहे. नुसता धक्का लागला तरी त्याचा स्फोट होऊ शकतो. १८६४ साली स्टॉकहोममध्ये अशाच एका स्फोटात आल्फ्रेड नोबेल यांचा धाकटा भाऊ एमिल आणि आणखी काही माणसं दगावली. पुढं नोबेल यांनी हे द्रव एका सच्छिद्र मातीत जिरवलं. ते हाताळायला पुष्कळ सुरक्षित झालं. तेच डायनामाइट, १८६७ सालचं. इंग्रजीत सांगायचं तर, ‘नायट्रोग्लिसरीन इज हायली अनस्टेबल.’

राजकारणातही हा शब्द येतो. आपल्या देशात १९९६, १९९८ आणि १९९९ अशा तीन लोकसभा निवडणुका लागोपाठ झाल्या. १९९६ मध्ये एक सरकार तर फक्त १३ दिवस टिकलं. मराठीत आपण ‘डळमळीत सरकार’ म्हणतो. इंग्रजीत ‘ऍन अनस्टेबल गव्हर्नमेंट’. आईबाबांना विचारा, त्यांना ते दिवस आठवत असतील.

वाक्यात बसवताना

आता वह्या काढा. पाच कानमंत्र देते.

पहिला. अनस्टेबल हे विशेषण आहे, क्रियापद नाही. मराठीत आपण ‘शिडी डगमगते’ म्हणतो, म्हणून मुलं ‘द लॅडर अनस्टेबल्स’ असं ठोकून देतात. असं काही नसतं! विशेषणाला उभं राहायला ‘इज’, ‘वॉज’, ‘आर’ यांचा आधार लागतो. ‘द लॅडर इज अनस्टेबल.’ किंवा मग ते नामाच्या अगदी आधी येऊन बसतं: ‘डोन्ट क्लाइंब ऍन अनस्टेबल लॅडर.’ इथं ‘अ’ नव्हे, ‘ऍन’ लागतं, कारण शब्दाचा पहिला उच्चार स्वराचा आहे.

दुसरा. ‘लुक्स’, ‘फील्स’, ‘बिकेम’ यांच्यानंतरही विशेषणच येतं. ‘द वॉल लुक्स अनस्टेबल.’ भिंत भरवशाची दिसत नाही. इथं शेवटी ‘ली’ जोडायचा मोह होतो. जोडू नका. शब्द भिंतीबद्दल सांगतो आहे, बघण्याच्या क्रियेबद्दल नाही.

तिसरा. जास्त अस्थिर म्हणायचं तर ‘मोअर अनस्टेबल’. ‘अनस्टेबलर’ म्हणायचं नाही. ‘धिस स्टूल इज मोअर अनस्टेबल दॅन दॅट वन.’ आणि ‘मोस्ट अनस्टेबल’ हे सगळ्यांत जास्त.

चौथा. आता जरा सावध बसा, इथं भलेभले घसरतात. अस्थिर म्हणजे अनस्टेबल, मग अस्थिरता म्हणजे? ‘अनस्टेबिलिटी’ असं आलं ना ओठांवर? चूक! बरोबर शब्द आहे ‘इनस्टॅबिलिटी’. विशेषणाला ‘अन’ आणि नामाला ‘इन’. असं का? विशेषण इंग्रजांनी स्वतःचा ‘अन’ लावून घरीच बनवलं. नाम मात्र फ्रेंचांकडून तयार आणलं, आणि तिथं नकारासाठी ‘इन’ होतं. अशा आणखी जोड्या आहेत. अनएबल, पण इनॅबिलिटी. अनइक्वल, पण इनइक्वॉलिटी. अनजस्ट, पण इनजस्टिस. चारही जोड्या वहीत एकाखाली एक लिहा आणि चार दिवस झोपताना म्हणा. परीक्षेत एक गुण पक्का!

पाचवा. किती अस्थिर ते सांगायला आधी ‘व्हेरी’, ‘स्लाइटली’ किंवा ‘हायली’ लावता येतं. ‘द शेल्फ इज स्लाइटली अनस्टेबल.’ म्हणजे फडताळ जरासं भरवशाचं नाही. आईनं लोणच्याची बरणी तिथं ठेवू नये!

चुलतभावंडं

आपल्या मराठीत न टिकण्याचे, न थांबण्याचे किती प्रकार आहेत बघा. बाक डुगडुगतो, पाय लटपटतात, हात थरथरतो, सरकार डळमळतं, मन चंचल असतं. प्रत्येकाचं घर वेगळं. आपण ‘पाय डुगडुगतात’ असं मोठ्या माणसाबद्दल म्हणत नाही. इंग्रजीतही तसंच आहे. प्रत्येक ठिकाणी एकच शब्द मारून चालत नाही.

आजोबा चालताना लटपटत असतील तर ‘अनस्टेडी’. ‘ग्रँडफादर इज अनस्टेडी ऑन हिज फीट.’ इथं ‘ऑन’ विसरू नका. आजीचा हात थरथरत असेल तर ‘शेकी’. ‘हर हँड्ज आर शेकी.’ अंगणातली मोडकळीला आलेली बाज ‘रिकेटी’. ज्याची मैत्री सोमवारी एकाशी आणि मंगळवारी दुसऱ्याशी, तो धरसोड माणूस ‘फिकल’. आणि ज्याला पाच मिनिटं एका जागी बसवत नाही, सारखी चुळबुळ चालते, तो ‘रेस्टलेस’.

हा शेवटचा शब्द मला वेळेवर आठवला असता तर! आता ती गोष्ट.

माझं पत्र

माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष होतं. डी.एड. होऊन नुकतीच रुजू झाले होते आणि आपल्याला सगळं येतं असं वाटण्याचे ते दिवस होते. माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं खरं नाव सांगत नाही. आपण त्याला बंड्या म्हणू. डोक्यानं तल्लख. गणित फळ्यावर पुरं व्हायच्या आत त्याचं उत्तर तयार. पण बूड म्हणून बाकाला टेकेल तर शपथ! खिडकीशी जाईल, पंख्याकडे बघत बसेल, "बाई, पालीला चालताना आवाज का येत नाही?" असं मधूनच विचारील.

त्याच्या बाबांची बदली झाली. नव्या गावातल्या शाळेनं वर्गशिक्षकांकडून मुलाबद्दल दोन ओळी इंग्रजीत लिहून मागितल्या. बाबा कागद घेऊन माझ्याकडे आले. मला कोण आनंद! इंग्रजी दाखवायची संधी! मला लिहायचं होतं, ‘मुलगा हुशार आहे, पण चंचल आहे.’ छोटा शब्दकोश उघडला. चंचलपुढं तीन-चार शब्द दिले होते. त्यांतला जो सगळ्यांत भारदस्त वाटला तो मी उचलला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, ‘ही इज इंटेलिजंट बट अनस्टेबल.’ खाली सही ठोकली.

आठ-दहा दिवसांनी मधल्या सुट्टीत बाबा आणि बंड्या शाळेच्या दारात उभे. बाबांच्या हातात तेच पाकीट. ते म्हणाले, "बाई, तुम्ही माझ्या पोराबद्दल काय लिहून दिलंत? तिथं विचारतात, याला झटके येतात का? एकदम राग अनावर होतो का? डॉक्टरांचा दाखला आणा, मग बघू म्हणतात."

मला आधी काही कळेचना. मग कळलं आणि हातपाय गार पडले. माणसाला, त्यातून एखाद्या मुलाला, नुसतं अनस्टेबल म्हटलं, की इंग्रजी वाचणारा त्याचा अर्थ ‘मनाचा तोल ढळलेला’ असाच घेतो. आता कळलं दादाचं काय बरोबर होतं? हा शब्द माणसांसाठीही आहे. फक्त तिथं त्याचा अर्थ फार जड होतो.

मी बाबांना सगळं सांगत होते, चुकलं म्हणत होते. तेवढ्यात बंड्यानं मान वर केली. एरवी दहा प्रश्न विचारणारा तो मुलगा तोवर एक अक्षर बोलला नव्हता. त्यानं विचारलं, "बाई, मी वेडा आहे का?"

त्यानं पुष्कळ प्रश्न विचारले होते मला. याच प्रश्नाला उत्तर देताना माझा आवाज फुटेना. मी त्याला जवळ घेतलं आणि म्हटलं, "नाही रे राजा. बाईंना इंग्रजी कमी येतं."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी एस.टी.नं त्या गावाला गेले. नवं पत्र घरूनच लिहून नेलं होतं: ‘ही इज इंटेलिजंट बट रेस्टलेस. ही कॅनॉट सिट स्टिल फॉर लाँग. ही आस्क्स ए लॉट ऑफ क्वेश्चन्स, अँड दे आर गुड क्वेश्चन्स.’ तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंना दोन्ही पत्रं दाखवली आणि चूक माझ्या इंग्रजीची आहे, मुलाची नाही, हे सांगितलं. त्या बराच वेळ दोन्ही कागद बघत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "तुम्ही स्वतः आलात हे बरं केलंत." बंड्याला प्रवेश मिळाला. पण बाकीची मुलं शाळेत जायला लागल्यावर आठवड्यानं. तो आठवडा त्यानं घरात कसा काढला असेल, याचा विचार आजही मनात येतो. पहिलं पत्र मी मागून परत आणलं. ते अजून माझ्या शब्दकोशात घडी घालून ठेवलेलं आहे, ‘यू’च्या पानावर.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते. शब्दकोशात एका शब्दापुढं चार शब्द दिले असतील, तर चारही एकसारखे नसतात हे धरून चालते. ते शब्द वाक्यात कसे येतात हे बघितल्याशिवाय वापरत नाही. आणि माणसाबद्दल लिहिताना तर दोनदा बघते. ‘द स्टूल इज अनस्टेबल’ चुकीचं लिहिलं तर स्टुलाला वाईट वाटत नाही. आणि एखाद्याचं मन खरोखरच आजारी असेल, तरी तापासारखाच तोही एक आजार आहे. त्याचं नाव डॉक्टरांनी सांगायचं. आपण वर्गात चिडवायला ते वापरायचं नाही.

जाता जाता दवाखान्यातल्या वापराबद्दलही सांगते, कारण हे सगळ्यांच्याच उपयोगाचं आहे. डॉक्टर म्हणतात, "पेशंट स्टेबल आहे." आपण लगेच समजतो, बरा झाला. तसं नव्हे. स्टेबल म्हणजे नाडी, रक्तदाब, श्वास हे आहेत तसे टिकून आहेत, भराभर बिघडत नाहीत. आजार अजून मोठा असू शकतो. आणि अनस्टेबल म्हणजे ते केव्हाही बिघडू शकतं, म्हणून बारीक लक्ष ठेवावं लागतं आहे. आशा संपली असा त्याचा अर्थ नाही. तेव्हा घाबरायचंही नाही आणि पेढेही वाटायचे नाहीत. शांतपणे विचारायचं, "डॉक्टर, म्हणजे नेमकं काय?" असं विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

आता तुमची पाळी

गाळलेल्या जागी योग्य शब्द घाला. शब्द हे आहेत: अनस्टेबल, इनस्टॅबिलिटी, वॉबली, अनस्टेडी, रेस्टलेस, शेकी.

१. द बेबी इज स्टिल --- ऑन हर फीट.
२. माय चेअर इज ---, सो आय पुट ए फोल्डेड पेपर अंडर वन लेग.
३. डोन्ट स्टँड ऑन दॅट पाइल ऑफ स्टोन्स. इट इज ---.
४. द चिल्ड्रन वेअर --- बिफोर द बेल.
५. हिज व्हॉइस वॉज --- व्हेन ही स्पोक ऑन द स्टेज फॉर द फर्स्ट टाइम.
६. द --- ऑफ द वॉल वरीड द टीचर.

उत्तरं खाली देतेय. पण आधी सोडवा, मग बघा. फसवलंत तर स्वतःलाच फसवाल!

पालकांसाठी दोन शब्द

मूल इंग्रजी वाक्य चुकलं तर हसू नका आणि लगेच दुरुस्तही करू नका. "तुला मराठीत काय म्हणायचं होतं?" असं आधी विचारा. डुगडुगतो, लटपटतो की डळमळतो, हे त्याला मराठीत नीट सांगता आलं, तर इंग्रजी शब्द शोधणं निम्मं सोपं होतं. ज्याची मराठी पक्की, त्याच्या इंग्रजीला पाया मिळतो. आणि हो, शिक्षकांनी तुमच्या मुलाबद्दल कुठल्याही भाषेत काही लिहून दिलं, तर त्याचा अर्थ त्यांच्याकडूनच विचारून घ्या. आम्ही बाईही चुकतो.

पत्र पाठवणाऱ्या मैत्रिणी, अर्ज दिलास की काय झालं ते कळव. आणि बाक दुरुस्त होईपर्यंत आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी घाल. तोवर अक्षर तरी सरळ येईल.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू, एका नव्या शब्दासह. तोपर्यंत अच्छा!

उत्तरं: १. अनस्टेडी २. वॉबली ३. अनस्टेबल ४. रेस्टलेस ५. शेकी ६. इनस्टॅबिलिटी